बादलच्या छातीची फिल्म

वसंता गेल्याचं कार्ड साताऱ्यात हातात पडलं तेव्हा मला रडू नाही, राग आला. पाच ओळी, मालतीवहिनींच्या अक्षरातल्या, आणि त्यात ‘काविळीने, शांतपणे गेले’. वसंता आणि शांतपणे! जयपूरला आमची ओळख झाली तीच मारामारीतून. एक टांगेवाला थकलेल्या घोड्याला चाबकाने फोडून काढत होता आणि हा ढोरांचा डॉक्टर भररस्त्यात त्याच्या मुस्कटात मारून अस्सल साताऱ्याच्या शिव्या हासडत होता. शिव्या गावाकडच्या वाटल्या म्हणून मी मध्ये पडलो, तर एक ठोसा मलाही बसला. त्याच दिवशी वहिनींच्या हातचं पिठलं खाल्लं… तिथपासूनची ही दोस्ती.

मी एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढायचो. दुपारी पेशंट संपले की वसंता मागच्या दाराने कुत्री आणायचा. धापा टाकणाऱ्या कुत्र्याचं हृदय वाढलंय की दुखणं फुप्फुसात आहे, हे छातीच्या फिल्मवर कळतं, असं त्याने कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं. माणसाला ‘लंबी साँस लो, रोको’ म्हणता येतं, कुत्र्याला कोण सांगणार? तो छाती धरून ठेवायचा, मी बरगड्यांवर नजर ठेवायचो आणि त्या पुरत्या फुलल्या की बटण दाबायचो. श्वास सोडलेला असताना फिल्म निघाली तर छाती आक्रसते आणि चांगलं हृदयही मोठं दिसतं. हे त्याने मला शंभरदा बजावलं होतं.

चाकसूकडच्या एका ठाकूरसाहेबांचा बादल नावाचा शिकारी कुत्रा होता. धावता धावता कोसळायला लागला म्हणून त्यांनी त्याला पट्ट्याने इतकं बडवलं होतं की पाठीवर कातडं उरलं नव्हतं. वसंताने तो पट्टा हिसकावून कापून टाकला. ठाकूर नुसते हसले. “फेफड़े का इलाज करवा दूँगा, डॉक्टरसाब. पर दिल गया हो तो साफ बता देना. ऐसा कुत्ता मैं नहीं पालता.” बंदूक जीपमध्येच होती.

टेबलावर बादलने वसंताच्या मनगटात दात रुतवले. रक्त माझ्या तोंडावर उडालं. वसंताने तरी हात काढला नाही. ओरडला, “बाळू, बरगड्या बघ!” मी बघितल्या नाहीत… डोळे मिटले आणि बटण दाबलं.

ओली फिल्म खिडकीशी धरली तर हृदयाने अर्धीअधिक छाती व्यापलेली. ठाकूर दार बडवत होते, वसंताच्या मनगटावरचं फडकं लाल होत चाललं होतं. तो बाहेर डोकावून म्हणाला, “दिल ही है.” पाच मिनिटांत आवारात बार झाला.

मग त्याने फिल्म पुन्हा पाहिली. बरगड्या एकमेकींना खेटलेल्या. तो बाहेर गेला आणि तिथेच धुळीत बादलची छाती फाडली. हृदय बेताचं, निरोगी. फुप्फुसाला सूज होती, महिना-दोन महिन्यांच्या औषधाने उतरण्यासारखी. “अरे, कुत्ता ही तो था,” ठाकूर म्हणाले आणि वसंताने त्यांचं नाक फोडलं. जीपच्या ड्रायव्हरने बंदुकीच्या दस्त्याने त्याला आडवा केला.

वसंताच्या मोडलेल्या बरगड्यांची फिल्मही मीच काढली. मी सवयीने “लंबी साँस लो” म्हणालो, तर हा कण्हत म्हणाला, “माझीच पकड घट्ट झाली रे. त्याला श्वास घेऊच दिला नाही मी.” या वेळी मी बरगड्यांवर नजर ठेवली आणि बटण दाबलं.

बादलची ती फिल्म वसंताने आपल्या खोलीच्या खिडकीत लावली. पुढे प्रत्येक कुत्र्याला तो सैल धरायचा, चुकून म्हणून सुद्धा दाबायचा नाही. त्यापायी त्याने किती चावे खाल्ले! कोपरापर्यंत हातांची चाळण झाली होती. “अरे, नीट धर की,” असं वहिनी डोळ्यांत पाणी आणून मला त्याला सांगायला लावायच्या. मी सांगायचो. एवढंच सांगायचो.

गेल्या आठवड्यात वहिनींनी ती फिल्म मला पाठवली, ‘तुमच्या मैत्रीची आठवण’ म्हणून. मीही ती खिडकीत लावली आहे. सकाळी ऊन आलं की बादलचं हृदय दिसतं, आणि कडेला वसंताची चार बोटं, नुसती हाडं, एकावर अंगठीचा गोल. माझा हात त्या फिल्मवर कुठेच नाही.

वसंता, तुझी पकड घट्ट नव्हती रे. मी डोळे मिटले होते.