अंबाळ्याच्या काठावरची बोलिंगची चर्चा

ह्यांचं नाव ताराचंद. तोंडाने मी ते फारसं घेतलं नाही, लग्नात उखाण्यापुरतं घेतलं असेल. लिहिताना घेते.

जन्म कोष्ट्याच्या घरातला, नागपुरातल्या पाचपावलीचा. पुढच्या खोलीत वडिलांचा हातमाग होता. त्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून हे अभ्यास करायचे, असं सासूबाई सांगत. माग बंद पडला, तेव्हा हे बुटीबोरीला एका कापडाच्या कारखान्यात लागले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. उजेड लावलेल्या काचेवरून कापड सरकायचं, हे त्यातले दोष बघायचे. जन्मभर दोष बघितले, पण घरी येऊन भाजीला कधी नाव ठेवलं नाही. मीठ जास्त पडलं तरी नाही. मला वाटायचं, स्वभाव गरीब आहे. आता वाटतं, लक्षच नसेल.

लक्ष होतं ते क्रिकेटकडे. त्यातही कोणी किती धावा काढल्या याच्याशी ह्यांना घेणंदेणं नव्हतं. आपल्या विदर्भाचे बोलर मार काहून खातात, हा ह्यांचा विषय. जामठ्याच्या स्टेडियमवर रणजीची मॅच असली की सुट्टी टाकून जायचे. मी डब्यात पोळ्या आणि झुणका द्यायची. स्टँडात माणसं नसायचीच, पण तीन ठरलेली. एक हे. दुसरे रुपराव हेडाऊ, आमच्याच जातीतले, माग सुटल्यावर घरं रंगवायचं काम धरलेले. तिसरे महाल भागातले विश्वनाथराव, कचेरीतून निवृत्त झालेले. तिघं दिवसभर एकमेकांवर ओरडायचे आणि संध्याकाळी एकाच गाडीवर तर्रीपोहे खाऊन घरी यायचे. मी विचारायची, "जिंकले का?" हे म्हणायचे, "रणजीत चार दिवस लागतात वं." एवढंच आमचं बोलणं.

पौषात बेसा चौकात कंपनीच्या बसची वाट पाहत उभे होते, तिथेच खाली बसले. लोकांनी धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा डॉक्टर दाराबाहेर येऊन उभे होते. याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

सुतकात देवघर बंद. सकाळी हात वातींच्या डबीकडे जायचा आणि परत यायचा. मला रडू आलं नाही. बसायला आलेल्या बायका म्हणायच्या, "रड वं बाई, मोकळी हो." मी म्हणायची, "हो." आणि पाण्याचे ग्लास आणायला उठायची. अंगावर कोणीतरी ओली गोधडी टाकून दिल्यासारखं होतं. आवाज यायचे, पण लांबून.

एकच गोष्ट जवळची वाटत होती. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला पाहिजे. शिवला नाही तर जीव कशात तरी अडकलेला आहे, पुढे जात नाही, असं आमच्याकडे मानतात. मी तर मानतेच. बाकी काही मागावंसं वाटत नव्हतं. हे सुटले पाहिजेत, बस.

दहावा रामटेकला, अंबाळा तलावावर केला. माझा मुलगा अंकुर मुंडण करून, ओलं धोतर नेसून बसला. मुलगी दामिनी माझा दंड धरून होती. ह्यांची मोठी बहीण रंभाबाई आणि मागे पायऱ्यांवर रुपराव, विश्वनाथराव. नेमकी त्या दिवशी जामठ्याला मॅच होती, ती सोडून दोघं आले होते. रुपरावांनी पिंडाजवळ खर्र्याची, तंबाखू-सुपारीची, पुडी आणून ठेवली. रंभाबाईंनी नाक मुरडलं, पण काढली नाही.

गुरुजींनी पळसाच्या पानावर पिंड ठेवला आणि सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. रामटेकची माकडं अन्नावर कशी झडप घालतात ते ठाऊक असल्यामुळे अंकुर काठी घेऊन उभा राहिला. वडाच्या फांदीवर कावळे होते. एक खाली उतरला, मान वाकडी करून बघितलं आणि पुन्हा वर गेला.

"काही इच्छा राहिली असेल तर बोला," गुरुजी म्हणाले.

अंकुर म्हणाला, "बाबा, दामिनीचं लग्न मी करून देईन. काही कमी पडू देणार नाही."

कावळा हलला नाही.

दामिनी म्हणाली, "बाबा, आईले मी एकटं ठेवणार नाही."

रंभाबाई पुढे झाल्या. "ताराचंद, पाचपावलीचं घर इकत नाही गा आम्ही. मोकळा हो."

नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायकोला ठाऊक असणार. मी हात जोडले, तोंड उघडलं आणि मला काही सापडलं नाही. ह्यांनी कधी तीर्थाला जाऊ म्हटलं नाही. नवीन शर्ट मागितला नाही. अमुक एक खावंसं वाटतं, असंही नाही. ह्यांना काय हवं होतं, ते मला माहीतच नव्हतं. मला त्याचंही वाईट वाटलं नाही. नुसतं दिसलं, की माहीत नाही.

मागून कुजबुज आली. विश्वनाथरावांच्या कानात फोनची वायर होती.

"गेला. परत चौका."

"कोणाले?" रुपराव.

"त्या उंच पोराला. आखूड टाकतोय."

"अजून त्यालेच देऊन राहिला का कप्तान?"

रंभाबाई वळल्या. "लाज आहे का गा तुम्हाले? माझा भाऊ तिथं पानावर आहे, अन् तुम्ही चौके मोजून राहिले?"

अंकुरही चिडला. "काका, ठेवा तो फोन."

विश्वनाथरावांनी वायर काढून खिशात कोंबली. त्यांचे कान लाल झाले होते. रुपराव पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागले. सगळे पिंडाकडे बघत राहिले. कावळे वडावरून उठून देवळाच्या कळसाकडे गेले.

आमच्या मागे दुसरं एक घर पिंड घेऊन थांबलं होतं. गुरुजींनी दर्भाच्या काड्या काढल्या. "दर्भाचा कावळा करून शिववू. शास्त्राला चालतं."

शास्त्राला चालत असेल. मी म्हटलं, "थोडं थांबा, गुरुजी." आणि रुपरावांकडे गेले. "भाऊजी, काय म्हणत होते तुम्ही? मोठ्यानं बोला."

"नाही वहिनी, चुकलं आमचं."

"चुकलं नाही. जामठ्याले बसता तसे बसा, अन् मॅचचं बोला. मले तर काही सांगता येत नाही ह्यांना. तुम्ही बोला."

रुपरावांनी विश्वनाथरावांकडे पाहिलं. ते धोतराचा सोगा सावरून पायरीवर खाली बसले, फोन काढून मांडीवर ठेवला. दोघांच्या मधे एका माणसाची जागा सुटली होती.

"तर," विश्वनाथराव घसा खाकरून म्हणाले, जणू भाषण करायचं आहे, "आठ गडी बाद आहेत, आणि तळाची जोडी आपल्याला मारते आहे."

"हो," रुपराव म्हणाले.

"हे काही बरोबर नाही."

"नाही."

मला वाटलं, काही उपयोग नाही. तेवढ्यात फोनमधला माणूस ओरडला आणि रुपरावांनी मांडीवर थाप मारली.

"अरे, पायावर! पायावर कायले टाकतो बे? मालिश करून राहिला का त्याची?"

"सकाळपासून एकालाच रगडलाय. खांदा उरलाय का त्याचा? डावखुऱ्याला आणा म्हणतो मी."

"डावखुरा! काल काय दिवे लावले त्यानं? वाइड टाकू टाकू कीपरले कबड्डी खेळवली."

"रुपराव, नवा बॉल घ्यायची वेळ आली आहे. एवढी साधी गोष्ट आहे."

"नवा बॉल कडक असते. बॅटवर मस्त येते. अजून खा मग. तुम्ही कचेरीत फायली दाबून ठेवत होते ना, तसा कप्तानानं बॉल दाबून ठेवला, तेच बरं आहे."

"फायलींचं काढू नका हं!"

"तुम्ही नवा बॉल काढू नका!"

मागचं घर आपला पिंड सोडून ऐकायला लागलं. त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, "फील्डिंगच वाकडी लागली आहे हो." दोघांनी त्याला एका दमात गप्प केलं. "तुम्ही तुमचं पाहा बाबाजी."

अंकुर इतका वेळ पाठमोरा उभा होता. त्याने काठी बगलेत धरली आणि वळून म्हणाला, "काका, पीच कोरडं पडलं असेल आता. स्पिनर आणत काहून नाही?"

"चूप बे!" दोघं एकदम ओरडले. मग रुपराव म्हणाले, "बापावर गेला. तोही हिरव्या गवतावर स्पिनर मागे. थंडी असो, ढग असो, याले स्पिनर पाहिजे."

"आणि हरलो की म्हणायचा, स्पिनर उशिरा आणला," विश्वनाथराव म्हणाले. ते हसले आणि चष्मा काढून पुसू लागले.

मी अंकुरच्या तोंडाकडे बघत होते. केस काढल्यामुळे कानाजवळ ह्यांच्यासारखाच खोलगटपणा दिसत होता. हे मला आधी कधी दिसलं नव्हतं.

"शिवला!" रंभाबाई किंचाळल्या. "शिवला वं, शिवला!"

मी वळले, तेव्हा पिंडाची एक कड तुटलेली होती आणि पानावर दोन शितं सांडली होती. वर फांद्यांत फडफड झाली, पण कोणता कावळा होता ते कळलं नाही. दामिनी माझ्या गळ्यात पडून रडली. रंभाबाईंनी जमिनीला डोकं टेकलं. गुरुजींनी दर्भ पिशवीत परत ठेवला आणि पुढच्या घराला बोलावलं.

रुपराव आणि विश्वनाथरावांची लगेच जुंपली. कावळा डावखुऱ्याच्या वेळी उतरला, का नव्या बॉलच्या, यावर.

"ताराचंदले पटलं माझं," रुपराव म्हणत होते. "नवा बॉल घेऊ नये."

"तुमचं बोलून केव्हाच झालं होतं. मी बोलत असताना आला तो."

मी तलावावर पाय धुवायला उतरले. रुपराव मागून आले आणि दोन पायऱ्या वरच थांबले. त्यांचा आवाज बसला होता.

"वहिनी, तुम्ही पाहिलं ना? आरामात आला, अजिबात घाबरला नाही. पाहिलं ना तुम्ही?"

"हो, भाऊजी," मी म्हटलं. "पाहिलं."

ते मान हलवत वर गेले. पाणी गार होतं. पोटऱ्यांपर्यंत गेलं तरी जाणवायला वेळ लागला. सगळ्यांनी पाहिलं, म्हणजे हे सुटले. ह्यांना काय हवं होतं ते त्या दोघांना थोडं ठाऊक आहे, कावळ्यालाही असेल.

वरून अंकुरने हाक मारली. गाडी सुरू झाली होती, आणि आतून नव्या बॉलवरून भांडणाऱ्या तिघांचे आवाज येत होते, त्यातला एक अंकुरचा.