निष्कासित म्हंजी काय?

"परत म्हन," तात्या म्हनलं.

मी म्हनलं, "माजं अनमोदन हाय."

"अनमोदन न्हाय गं. अनु. अ-नु-मो-दन. परत."

नगरपंचायतीचा वरचा हॉल. समदी सभा माज्याकडं बघत हुती. टेबलावर पान्याच्या बाटल्या, बशीत बिस्किटं, वर पंखा गरागरा, आन् मी एकटीच उभी. काखंला पोरगी. ती अजून धड बसायबी शिकली न्हवती. घरी ठिवायची कुनापाशी, सासू खुरपायला जाती, म्हनून घिऊन आल्याली. तिला भूक लागली आन् तिनं भोकाड पसरलं. तिचं रडं ऐकलं की माजं दूध सुटतंय. ब्लाउज वला झाला. मी पदर वढला, पदर वढताना पोरगी निसटाया लागली, तिला सावरलं तर पदर सुटला.

"आदी पोरीला पाजून ये," तात्या म्हनलं. "का तिच्याकडनंच म्हनवून घ्यायचं? तुज्यापरीस ती बरं म्हनंल."

समदी हासली. मागनं कोनतरी म्हनलं, "मेंढरागत बें बें कर, तेवढंबी चालंल." मंग तर टेबलं बडवून हासली. बाया मेंबर हुत्या, त्याबी हासल्या, तोंडाला पदर लावून. अध्यक्षीनबाई मोबाइल बघत हुत्या. त्या हासल्या न्हाईत.

मी म्हनलं. अनु. मोदन. हाय. तुटक तुटक, पयलीतल्या पोरागत. टाळ्या वाजवल्या त्यांनी.

इषय कसला हुता? रस्त्यावरचं दिवं दुरुस्त करायचा. त्या दिव्यांपायी मी भर सभंत वल्या ब्लाउजनं उभी राहिले.

तात्या म्हंजी आमच्या गावचं उपनगराध्यक्ष. बारामतीहून इंदापूरला जाताना आमचं गाव लागतं, तितं रस्त्याच्या दोनी अंगाला जो ऊस दिसतो त्यातला लई ऊस त्यांचा. दुधाची डेअरी त्यांची. डेअरीचा टेम्पो त्यांचा, आन् त्या टेम्पोवर ड्रायव्हर आमचं मालक. म्हंजी आमची चूलबी त्यांचीच म्हना.

मला मेंबर त्यांनीच केलं. वार्डात बाईची जागा निगाली, त्यातबी मागास प्रवर्गाची. तात्या वस्तीवर आलं, गाडीतनं उतरलंबी न्हाईत, काच खाली केली. मालकांना म्हनलं, "तुजी बायको बोलती का रं?"

मालक म्हनलं, "न्हाय तात्या, लई गरीब हाय."

"मंग झालं. तिचाच फॉर्म भर."

मी दारात भांडी घासत हुते. मला कुनी इचारलं न्हाय. राखंचा हात तसाच, आन् मी मेंबर.

आमी मेंढरंवाली मानसं. माजा बाप दिवाळी झाली की कळप घिऊन निगायचा, आमी मागनं घोड्याबरुबर चालत. आज ह्या गावची शाळा, पंधरवड्यानं त्या गावची. मास्तर नाव लिवायचं तवर आमी पुढं गेल्यालं. अशी कशीबशी सातवी झाली. साधं वाचता येतं. जोडाक्षर आलं की अडते. मोठा शब्द आला की घाम फुटतो.

आन् सभंत समदं मोठंच शब्द. ठराव एकानं मांडायचा, त्याला सूचक म्हनत्यात. दुसऱ्यानं त्याला व्हय म्हनायचं, त्यो अनुमोदक. कुनी मांडायचं, कुनी व्हय म्हनायचं, समदं आदीच ठरल्यालं असतं. आदल्या दिशी तात्यांचा फोन यायचा, त्योबी मला न्हाय, मालकांना. "उद्या दोन इषयाला अनुमोदन तुज्या बायकूचं." बास. मी मांडनारी कवाच न्हवते. मी कायम व्हय म्हननारी.

त्या दिव्यांच्या मिटिंगनंतर मी घरी आले, पोरीला पाजलं, आन् लई रडले. मालक म्हनलं, "रडतीस काय, शब्द पाठ कर की." म्हनून मी पाठ केला. भाकरी थापताना अनुमोदन, पोरीला झोका देताना अनुमोदन. सासू म्हनाली, "ही काय नवी अंगाई गं?" मला वाटायचं आपलाच दोष. जीभच जड आपली. एकदा शब्द नीट आला की मंग ह्ये लोक हासनार न्हाईत. मेंबर म्हंजी काय, तर शब्द नीट म्हननं. खरंच असं वाटायचं मला.

मंग पुढची मिटिंग आली. शिपाई अजेंडा घिऊन आला, मी उंबऱ्यात बसून बोट लावून वाचाया लागले. एक इषय आमच्या वस्तीचा हुता. वस्तीचं नाव बघून मला बरंच वाटलं, म्हनलं काय तरी मिळतंय आपल्याला. पुढं लिवलेलं, सार्वजनिक स्टँडपोस्ट निष्कासित करणेबाबत. मालकांना इचारलं, निष्कासित म्हंजी काय वो? मालक म्हनलं, "बसवायचं असंल काय तरी. तात्यांनी सांगितलंय, ह्याला अनुमोदन तुजंच. तुज्या वार्डाचं काम हाय म्हनलं."

मी वस्तीवरच्या बायांना सांगितलं, आपल्यासाटनं काय तरी येतंय. शेजारची वैनी म्हनली, "मेंबर, बिस्किटं खाऊन खाऊन एकदाचं काम केलंस बग."

मिटिंगला पोरीला पाठीशी बांधून गेले. शब्द पाठ हुता. इषय आला, एकानं मांडला, क्लार्कनं घडाघडा वाचला, आन् तात्या म्हनलं, "हां, अनुमोदन. ऊठ."

मी उठले. तोंड उघडलं. आन् मलाच कळलं न्हाय कसं, पर त्वांडातनं दुसरंच आलं.

"निष्कासित म्हंजी काय?"

आदी एकजन हासला, मंग समदी.

तात्या हासलं न्हाईत. म्हनलं, "तुला अर्थाशी काय करायचं? तुला शब्द दिलाय तेवढा बोल."

त्या टायमाला, खोटं कशाला सांगू, लघवीला लागल्यागत झालं. खाली बसावं, शब्द म्हनावा, घरी जावं. पर ती येकच गोष्ट कानात घुमाया लागली. तुला शब्द दिलाय तेवढा बोल. म्हंजी ह्यास्नी माज्या जिभंचं कायच न्हवतं. मी शब्द किती बी नीट म्हनला असता तरी ह्ये हासलंच असतं. ह्यास्नी फक्त माजं तोंड पायजे हुतं. भाड्यानं. भाडंबी न देता.

मुख्याधिकारी साहेब शेजारीच बसलं हुतं. नवीनच बदलून आलेलं, कुनाकडं न बघता बोलायचं. मी त्यांच्याकडं वळले. "सायेब, निष्कासित म्हंजी काय?"

साहेब कागदात बघून म्हनलं, "काढून टाकणे."

"काय काढून टाकायचं?"

"स्टँडपोस्ट."

"ते काय असतंय?"

"सार्वजनिक नळ हो. नळकोंडाळं."

"कुठलं?"

साहेबांनी तात्यांकडं बघितलं. मंग हळूच म्हनलं, "तुमच्या वस्तीवरचं."

आमच्या वस्तीला ते येकच नळकोंडाळं हाय. चार तोट्या, त्यातली एक मोडकी. आमची घरं गायरानात, घर नावावर न्हाय म्हनून घरात नळ मिळत न्हाय. प्यायला तेच पानी, पोरांच्या लंगोटांना तेच, म्हशीला तेच. आन् त्याच्या मागं तात्यांनी शेत मोडून प्लॉट पाडल्यात. प्लॉटला जायचा रस्ता नेमका आमच्या नळावरनं जातो. रोज बघत हुते मी त्या चुन्याच्या रेघा. नळापतूर आल्याल्या. मला कळलं न्हवतं. आता कळलं.

आन् ह्येबी कळलं की माजंच नाव कशापायी. उद्या वस्तीवरच्या बाया घागरी घिऊन हापिसात आल्या, की ह्ये कागद दाखवनार. बगा, आमी न्हाय, तुमच्याच मेंबरनं व्हय म्हनलंय. तुमच्यातलीच हाय की ती. नळ ह्येंनी तोडायचा आन् शिव्या मी खायच्या. मेले तरी वस्तीत मला कुनी आपली म्हनलं नसतं.

तात्या म्हनलं, "झालं समाधान? आता बोल. ठरावात नाव छापलंय तुजं."

मी म्हनलं, "खोडा."

"काय?"

"नाव खोडा माजं. न्हाय माजं अनमोदन."

अनमोदनच आलं त्वांडातनं. ह्या बारीला कोन हासलं न्हाय.

तात्या बसल्या जागचं पुढं वाकलं. आवाज लई बारीक केला त्यांनी. "नवऱ्याला इचारून बोलतीस का?"

"नवरा मेंबर न्हाय. मी हाय."

ह्ये मी बोलले? मलाच खरं वाटंना. पाठीवर पोरगी झोपलेली, तिचा श्वास मानंला लागत हुता, आन् मी बोलत हुते.

दुसऱ्या एका मेंबरनं बसूनच हात वर केला. "माझं अनुमोदन आहे." किती सोपं त्यांना. मंग हात वर केलं समद्यांनी. बायांनीबी. ठराव झाला पास. मी सोडून.

क्लार्क लिवाया लागला. मी म्हनलं, "भाऊसाहेब, माजा इरोध लिवा."

त्यो म्हनला, "कारण द्यावं लागतं मॅडम." मॅडम पयल्यांदाच म्हनला.

"वस्तीला दुसरं पानी न्हाय. ह्येच कारन."

त्यानं पेन धरून तात्यांकडं बघितलं.

मी म्हनलं, "तिकडं काय बघता? बोलतीया मी."

लिवलं त्यानं. मी शेजारी जाऊन उभी राहिले, बोट लावून वाचलं, जोडाक्षरावर अडले, तरीबी वाचलं, मंगच खाली उतरले. जिन्यात पोरगी उठली. बसले तितंच पायरीवर आन् पोरीला पुढं घिऊन पाजलं. येनारं जानारं बघत हुतं. बघू द्या म्हनलं.

घरी पोचायच्या आदीच फोन पोचला हुता. उद्यापासनं टेम्पोवर येऊ नगं. मालक दारातच उभं. हात न्हाय उगारला त्यांनी, उगारला असता तर बरं असं त्यांचं तोंड. "कशाला इचारलंस गं? गप बसाया काय झालं हुतं?" सासू म्हनाली, "नळबी गेला आन् नोकरीबी. लई शानी मेंबर आमची." वैनीला मी जाऊन खरं काय ते सांगितलं, तिनं घागर खाली ठिवली आन् म्हनाली, "मंग आदी का न्हाय सांगितलंस?" मला आदी म्हाईत न्हवतं, ह्ये तिला पटलं का न्हाय कुनास ठाऊक.

दोन-चार दिसांनी जेसीबी आला, संगं नगरपंचायतीचा इंजिनेर. मी पळतच गेले आन् तोटीला धरून उभी राहिले. एकटीच. लई येळ एकटीच. मंग वैनी आली, मंग तिची जाऊ, मंग सासू आली शिव्या देत देत, मला न्हाय, इंजिनेरला.

त्यो म्हनला, "बाई, ठराव झालाय. तुमच्याच सभेचा."

मी म्हनलं, "व्हय म्हननाऱ्यांत माजं नाव दाव."

त्यानं कागद उलटापालटा केला. इरोध माजाच, एकटीचा, तितं लिवल्याला. बाया कागदाकडं बघत हुत्या, मंग माज्याकडं. जेसीबी माघारी गेला. जाताना इंजिनेर म्हनला, "पोलीस घिऊन येतो." यील. मला म्हाईत हाय यील. ठराव त्यांचा, हात त्यांचं, गाडी त्यांची.

काल तात्यांचा मानूस आला हुता. चहाबी घेतला न्हाय. म्हनला, पुढच्या मिटिंगला समद्यांसमोर उठायचं आन् म्हनायचं, माजा गैरसमज झाला हुता, मी माफी मागती, माजं अनुमोदन हाय. एवढं म्हन, टेम्पो त्याच दिशी चालू. मालक आता इंदापूरकडं ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर बदली ड्रायव्हर म्हनून जात्यात, कामाचा भरवसा न्हाय. ते माज्याकडं बघत राहिलं. त्यांचं बघनं कळतंय की मला. पीठ डब्याच्या तळाला गेलंय.

मी त्या मानसाला म्हनलं, "न्हाय."

भीती वाटती. खोटं न्हाय सांगत. आताबी ह्ये सांगताना दारात गाडी वाजली की मी आदी पोरीला उचलून घेती. वाटू दे. भेलेल्या मानसालाबी न्हाय म्हनता येतंय, ह्ये मला कुनी शिकवलं न्हवतं.

मिटिंगला मी जानार. दर मिटिंगला. एकेका शब्दाचा अर्थ इचारनार, आन् कळल्याबिगार हात वर करनार न्हाय. हासायचं तर हासा. नळ तोडायचा असंल तर तोडा तुमी, तुमचं हात हाईत, पर तुमच्या तोंडानं सांगून तोडा, की आमच्या प्लॉटाच्या रस्त्यासाटनं आमी ह्या मानसांचं पानी तोडतोया.

माज्या तोंडानं न्हाय.