पिठाला लागलेला हात

आमच्या जिन्यावर समोरासमोर दोन दारं आहेत. एक माझं, एक भट्टीमामांचं. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारलेली मी तरी ऐकली नाही. उभं आयुष्य त्यांनी एका मोठ्या बेकरीत भट्टीपुढे काढलं. तिथले कामगार त्यांना मामा म्हणायचे, आणि ती हाक त्यांच्या पाठोपाठ घरापर्यंत आली. मी शाळेत शिकवत होते म्हणून मला ते ‘बाई’ म्हणतात. दोघांच्याही नोकऱ्या संपल्या. हाका तेवढ्या राहिल्या.

दार उघडताना मामा नेहमी बाजूला होऊन उभे राहतात. समोर मी एकटी, हातात वाटी घेऊन साखर मागायला आलेली असले तरीसुद्धा. भट्टीचं दार उघडलं की पहिली झळ तोंडावर येते, ती चुकवायची सवय. उजवी भुवई डावीपेक्षा विरळ आहे, ती सवय लागण्याच्या आधीची. पीठ मळायच्या यंत्राशेजारी वर्षानुवर्षं उभं राहून कानही जरा मंद झालेत, त्यामुळे फोनचा आवाज पूर्ण चढवलेला असतो, आणि स्वतः बोलतात ते सगळ्या जिन्याला सांगितल्यासारखं.

बेकरीत त्यांचा एक नियम होता, आणि तो ते नव्या माणसाला पहिल्या दिवशीच ऐकवत: “पीठ कुणाच्या बापाची वाट बघत नाही.” एकदा म्हणे खुद्द मालक पाहुण्यांना भट्टी दाखवायला घेऊन आले. “मामा, जरा थांबा, फोटो काढायचाय,” म्हणाले. मामांनी केकची पाटी आत सरकवली, दार लावलं आणि मग वळून सांगितलं, “साहेब, पाहुणे थांबतील. पीठ नाही थांबणार.” ही गोष्ट मला त्यांनी इतक्या वेळा सांगितली आहे की मालकांच्या तोंडचं वाक्य आता मीच म्हणते.

नाताळ जवळ आला की मामांच्या घरात हालचाल सुरू होते. एकट्या माणसाच्या घरात होते तेवढीच. डिसेंबर लागला की खिडकीत लाल कागदाची चांदणी टांगली जाते. ती मामींनी काड्यांवर कागद चिकटवून केली होती. मी इथे राहायला आले तेव्हा मामी होत्या. नंतर आजारपणात गेल्या. दरवर्षी चांदणीचा कुठला तरी कोपरा फाटतो आणि मामा तिथे नवा तुकडा लावतात. मूळ कागद कुठला आणि ठिगळ कुठलं, हे आता त्या चांदणीलाच विचारायला हवं. मग बुटांना पॉलिश. नाताळच्या सकाळी चर्चमधल्या प्रार्थनेला मामा शेवटच्या बाकावर बसतात. पुढे का बसत नाही विचारलं तर म्हणतात, “पुढे बसलं की मागे वळून बघता येत नाही, कोण कोण आलंय ते.”

आणि केक. त्यासाठी चिनी मातीच्या बरणीत मनुका, बेदाणे आणि संत्र्याच्या साली महिनाभर आधी मुरायला पडतात. मामा मधूनच झाकणावरचं फडकं सोडून वास घेतात आणि पुन्हा बांधतात.

या केकची त्यांच्या घरात एक रीत होती. मामांच्या आईने पाडलेली. भांड्यातलं मिश्रण तयार झालं की घरातल्या प्रत्येकाने लाकडी चमचा एकदा फिरवायचा. आधी धाकटे, मग मोठे, सगळ्यांनी एकाच दिशेने. ज्याचा हात पिठाला लागला, तो सणाला घरी आहे असं धरायचं. त्या वेळी दारात आलेला पोस्टमनसुद्धा आई सोडत नसे. “हात धुतलेत का? मग फिरव,” म्हणायची. मामा नवे नवे बेकरीत लागले, तेव्हा नाताळच्या आदल्या दिवशी त्यांना सुट्टी कुठली मिळायला? तर आई भांडं फडक्यात गुंडाळून, कडेवर घेऊन थेट बेकरीत हजर. भोवती पाट्यांवर केकच केक, आणि मधे मामा आपल्या आईच्या भांड्यात चमचा फिरवतायत.

“काय रे, एवढे केक पुरले नाहीत होय?” एका कामगाराने विचारलं आणि सगळे हसले.

“हा घरचा आहे,” एवढंच आई म्हणाली, आणि भांडं घेऊन परत गेली. सोडा मात्र तिने घरी पोचल्यावरच घातला. सोडा पडला की घड्याळ सुरू झालं, लगेच भट्टीत गेला नाही तर केक बसतो, हे तिलाही ठाऊक होतं. मामा भट्टीवर शिकले त्याच्याही आधी आईकडे शिकलेले.

मग एकेक हात कमी होत गेला. आधी आई, मग मामी. उरली मुलगी. ती दुसऱ्या शहरात परिचारिका आहे, तिचं सासरही तिकडेच. दरवर्षी नाताळच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने ती यायची, बॅग खाली टेकवायच्या आधी हात धुवायची आणि चमचा फिरवायची. दुसऱ्या दिवशी जेवून परत. त्या एका दिवसावर मामा वर्ष काढत. तिने फिरवला की मामा फिरवायचे आणि भांडं ओव्हनकडे जायचं.

नाताळच्या सकाळी माझ्याकडे झाकलेल्या बशीतून एक तुकडा येई. चमचा कधी आला नाही, मीही मागितला नाही. ते घरचं होतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलीने आधीपासूनच “बघते हं, पपा” असं सांगायला सुरुवात केली होती. ‘बघते’ या शब्दाचा अर्थ शाळेत चाळीस मुलींना ‘उद्या वही आणाल का?’ विचारणारीला बरोबर कळतो. मामांना तो कळत नव्हता, किंवा कळून घ्यायचा नव्हता. आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेले होते. माझा दिवा बंद पडला होता आणि स्टुलावर चढायची मला मनाई आहे. मामा म्हणाले, “बसा, एवढं झालं की येतो.” लोणी आणि साखर फेटून झाली होती, अंडी फोडून झाली होती, संत्र्याचा रस गाळून ठेवला होता. सोड्याची पुडी बाजूला, घडीसुद्धा न उलगडलेली.

फोन वाजला.

“पपा, निघतेय मी! बदलीवाली आली की लगेच. स्टेशन समोरच आहे.”

“अगं, मग ये की! बोलत काय बसलीस?”

“तुम्हीच बोलताय! पीठ तयार ठेवा. आल्या आल्या हात मारते.”

“हात धुऊन मार.”

“हो हो, आजीबाई.”

मामांनी फोन ठेवला. चेहरा असा उजळला होता, की मी दिव्याची गोष्टच काढली नाही. त्यांनी पुडी उलगडली आणि सोडा घातला. रस ओतला, पीठ मिसळलं, फळं घातली. भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे आले.

“मामा,” मी म्हटलं, “ती अजून निघायची आहे ना?”

“निघालीच समजा. आली की नुसता हात लावायचा, लगेच आत. ओव्हन तापवून ठेवतो.”

भट्टीवाल्याला केक शिकवणं म्हणजे सोनाराला सोनं दाखवण्यासारखं. पण त्या क्षणी तिथे भट्टीवाला नव्हताच. मुलीचा बाप होता.

गाडीची वेळ झाली. जिन्यात पावलं वाजली की मामा बाजूला होऊन दार उघडायचे. एकदा खालचे वकील होते, एकदा कुणाचं तरी पार्सल. ओव्हन तापला, मग बंद केला, मग पुन्हा तापवला. भांड्यावर त्यांनी फडकं झाकलं, जरा वेळाने उचलून बघितलं. बुडबुडे मावळले होते. त्यांनी फडकं परत टाकलं, आजाऱ्याच्या अंगावर पांघरूण टाकावं तसं, हलक्या हाताने.

“आता घाला आत,” मी म्हटलं. “ती आली की गरम गरम खाईल.”

“खाण्याचं नाही हो, बाई. हात लागायला हवा.”

“मी फिरवू का एकदा?”

बोलून गेले खरी. मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, संकोचाने, आणि जरा घाबरूनच. मी फिरवला असता तर मुलगी येणार नाही, हे आम्ही दोघांनी ठरवल्यासारखं झालं असतं.

“आज नको, बाई,” ते हळूच म्हणाले. “आज ती आहे ना.”

दिवेलागणीच्या वेळी फोन आला. बदलीवाली आलीच नव्हती, एक पेशंट अत्यवस्थ होता, वॉर्ड सोडता येत नव्हता. तिचा आवाज रडवेला होता. “पपा, तुम्ही थांबला नाहीत ना? केक घातलात ना?”

“अगं, कधीच!” मामा जिन्याला ऐकू जाईल असे म्हणाले. “मस्त फुगलाय! पीठ थांबतंय होय कुणासाठी? तू तुझं काम बघ. पेशंटला नीट सांभाळ.”

मग त्यांनी फोन खाली ठेवला, फडकं बाजूला केलं आणि चमचा फिरवला. एकदाच. स्वतःचा. दुसऱ्या कुणाच्या नावाने फिरवला नाही; तशी लबाडी त्या रीतीत बसत नसावी. मग भांडं रिकामं केलं, साचा आत सरकवला, दार लावलं. माझा दिवा बदलायला त्यानंतर आले. स्टुलावरून उतरताना म्हणाले, “लागला बघा.” आणि गेले.

नाताळच्या सकाळी बशी आली. तुकडा बसका, घट्ट, तळाशी ओलसर. “बेकरीत कुणी असा काढला असता तर कान पिळला असता मी त्याचा,” मामा म्हणाले. मी त्यांच्यासमोरच सगळा खाल्ला. वास मात्र नेहमीचाच होता.

मुलगी आली ती चार दिवसांनी, सणाची गडबड ओसरल्यावर. तिच्यासाठी डब्यात अर्धा केक राखला होता. मामांनी मलाही चहाला बोलावलं. मला वाटतं, त्यांना एकट्याने तो डबा उघडायचा नव्हता. तिने सुरी लावली. सुरी जशी गेली, त्यावरूनच तिला कळलं. शेवटी ती भट्टीवाल्याची मुलगी. तुकडा हातात धरून तिने तो उजेडाकडे वळवून पाहिला.

“पपा.”

“काय गं?”

“मस्त फुगला होता म्हणालात.”

“फुगला होता. मग बसला.”

“सोडा कधी घातलात?”

मामांनी चहात साखर ढवळली. साखर आधीच विरघळली होती. मी खिडकीतल्या चांदणीकडे बघत राहिले.

“पुढच्या वर्षी थांबू नका,” ती म्हणाली. “माझं काही खरं नसतं, पपा. आता वॉर्डची जबाबदारीही माझ्यावरच येणार आहे. मी आले तर आले. पण तुम्ही पीठ थांबवायचं नाही. शपथ घ्या.”

“बरं,” मामा म्हणाले. “शपथ.”

तिने तो घट्ट तुकडा सगळा खाल्ला. मग आणखी एक कापून घेतला.

गेल्या वर्षी पुन्हा चांदणी लागली. तिच्यावर एक ठिगळ वाढलं होतं. बरणीचं फडकं सुटत होतं, बांधलं जात होतं. फोनवरचं “बघते हं, पपा” जिन्यात ऐकू आलं, आणि त्यावर मामांचं “बघ, बघ. सवडीने बघ,” हेही. नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी माझं दार वाजलं. उघडलं तर मामा उभे. काखेत भांडं, फडक्यात गुंडाळलेलं, आणि हातात लाकडी चमचा. दार माझं होतं, उघडलं मी होतं, तरी ते सवयीने बाजूलाच सरकले.

“बाई,” ते म्हणाले, “हात धुतलेत का?”

मी हात धुऊन आले. पदराला पुसले. मामांनी भांडं घट्ट धरलं आणि दिशा दाखवली. मी चमचा फिरवला. मिश्रण जड होतं, मला वाटलं होतं त्याहून बरंच. मग मामांनी फिरवला. आम्ही दोघं त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो, त्यांनी पुडी उलगडून सोडा घातला, झटपट मिसळला, साचा भरला आणि आत सरकवला. जिन्यात पावलं वाजली. मामांनी मान वळवली नाही.

आम्ही ओव्हनच्या काचेसमोर दोन खुर्च्या घेऊन बसलो. केक हळूहळू वर आला, मधोमध त्याला चीर पडली, कडा सोनेरी झाल्या. बेकरीच्या शोकेसमध्ये ठेवावा असा. मामा काचेतून कितीतरी वेळ बघत राहिले. आतल्या उजेडात त्यांची विरळ भुवई दिसत होती.

“छान फुगलाय, मामा,” मी म्हटलं.

“हो,” ते म्हणाले. “वेळेवर गेला ना.”