उतारावरची गाडी

पूर्णा स्टेशनजवळच्या उतारावर रोज सकाळी एक जुनी, छोटी गाडी तोंड खाली करून उभी असायची. तिचा मालक चांगला जाडजूड होता, गळ्यात कायम पंचा. संध्याकाळी तो दार उघडं ठेवून एका हातानं स्टेअरिंग धरायचा, खांद्यानं गाडी रेटायचा आणि ती पळायला लागली की टुणकन आत उडी मारायचा. आम्ही ऑफिसच्या खिडकीतून टाळ्या वाजवायचो. तोही ऐटीत हात हलवायचा.

दुसरी गाडी घ्यायची म्हणून त्यानं ही विकायला काढली, तेव्हा मी गेलो. जुनी गाडी घेताना काय बघावं, हे त्यालाच विचारलं.

"मालकानं कुठं उभी केलीय ते बघा, भाऊ. उतारावर असली की सेल्फ गेला समजा," असं म्हणून तो पोट धरून हसला. "हँडब्रेक मातर लय झकास हाय. न्हाईतर इथं टिकली असती का?"

इतक्या खऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? घेतली.

दुसऱ्या दिवशी ती उतारावर लावायला गेलो, तर तिथं आधीच एक जुनी गाडी, तोंड खाली करून. आत तोच. मला बघताच त्यानं हँडब्रेक सोडला, गाडी थोडी पुढं घेतली आणि ओरडला,

"लावा मागं! संध्याकाळी आदी मी, मग तुमी."