खानसाम्याचा कप

चिखलीत माझं चष्म्याचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागच्या खोलीत इंग्रजांच्या काळातल्या वस्तू मांडलेल्या आहेत, हे तुम्हाला गावात कुणीही सांगेल. पुढचं मात्र कुणी सांगणार नाही, कारण ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊकच नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. आज तुम्हाला सांगतोय. का — ते मलाही नीट कळलेलं नाही.

वस्तू म्हणजे काय, तर कंदील, पितळी कुलपं, चपराशांचे बिल्ले, राणीचे रुपये, कर्णा चेपलेला एक ग्रामोफोन. बायको या सगळ्याला भंगार म्हणते आणि तिचं फारसं चुकत नाही. या नादाला लागलेल्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते — नुसत्या वस्तूपुढे कुणी थांबत नाही. कुलूप ठेवा, लोक पुढे जातात. हेच कुलूप खजिन्याचं होतं म्हणा, लगेच सगळ्यांचे मोबाइल बाहेर येतात.

तर त्या वस्तूंत एक कप आहे. पांढऱ्या चिनी मातीचा, निळ्या फुलांचा, बुडाशी इंग्रजी छाप, कानाजवळ बारीक तडा. बशी नाही. उंद्रीच्या पुढे एका खेड्यात नामदेव नावाचा शेतकरी राहतो, त्याच्या घरचा हा कप. नामदेवचा पणजोबा एका गोऱ्या साहेबाकडे खानसामा होता, म्हणजे स्वयंपाकी. साहेबाची बदली झाली तेव्हा मडमेनं सामान आवरता आवरता बशी फुटलेला हा कप त्याला देऊन टाकला. गोष्ट एवढीच. नामदेवच्या वडिलांनी ती मला ओसरीवर बसून सांगितली होती, आणि सांगताना म्हातारा हसत होता. त्या घरात नवी सून आली की तिचा पहिला चहा याच कपात. गावात त्या घराला खानसाम्याचं घर म्हणत, आणि कौतुकानं म्हणत.

म्हातारा गेल्यावर नामदेवनं कप मला सांभाळायला दिला. घरात लहान पोरं, फुटायची भीती. लग्नकार्यापुरता घेऊन जाईन म्हणाला. मी हो म्हटलं.

मग चिखलीत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन लागलं. मलाही एक टेबल मिळालं. सकाळपासून लोक येत होते — आणि माझ्या टेबलावरून पुढे जात होते. पलीकडे एकानं तलवारी मांडल्या होत्या. तलवारीपुढे कंदिलाचा काय निभाव लागणार? माझ्या टेबलावर त्या कपाशेजारी एक खिशातलं घड्याळ होतं, मलकापूरच्या भंगारवाल्याकडून आणलेलं. कपाचा आणि घड्याळाचा काडीचा संबंध नाही. एक माणूस वाकून कप पाहू लागला, आणि तोही आता पुढे जाणार असं दिसताच मी म्हणालो — याच कपातून साहेबाला विष दिलं.

तो थांबला. त्याच्यामागे आणखी चार जण थांबले. मग मला आवरता आलं नाही — नाही, हे खरं नाही. मला आवरायचंच नव्हतं. मी सांगत गेलो. रेस्ट हाउसवर मुक्कामाला असलेला साहेब, खानसाम्याची त्याच्या घड्याळावर गेलेली नजर, चहात उकळलेल्या धोतऱ्याच्या बिया. सकाळी साहेब मेलेला आणि घड्याळ गायब. देशासाठी मारला म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण टेबलावर घड्याळ होतं ना, तेही खपायला हवं होतं. कुठला खानसामा, असं कुणीतरी विचारलं, तर मी गावाचं नाव सांगितलं. खरं नाव. बाकी सगळं खोटं असताना तेवढंच खरं कशाला सांगितलं? कारण त्यामुळे ऐकणाऱ्यांचा विश्वास बसत होता. कुणीतरी मोबाइलवर शूटिंग करत होतं. मी ते पाहिलं आणि जरा ताठ उभा राहिलो.

तो व्हिडिओ गावोगाव फिरला.

नामदेवची मुलगी वंदना. तिची सोयरीक मलकापूरला जमली होती, साक्षगंध झालं होतं. मुलाकडच्यांनी व्हिडिओ पाहिला. ज्या घरच्या माणसानं चहात विष कालवलं त्या घरची मुलगी आमच्या स्वयंपाकघरात नको, असा निरोप आला. तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून कुणी लग्न मोडतं का? त्यांच्या मनात आधीच काही असेल. मीही स्वतःला हे पुष्कळदा सांगून पाहिलंय. पण निमित्त तर मीच हातात दिलं होतं.

नामदेव दुकानात आला. मला वाटलं, गचांडी धरणार. धरली असती तर बरं झालं असतं. तो गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, बाबा तं साहेबाची बदली झाली म्हनत. मंग त्याइनं आमच्यापासून लपोलं असन का?"

कळतंय तुम्हाला? तो जाब विचारायला आला नव्हता. मी जाणकार म्हणून खरं काय ते माझ्याकडून समजून घ्यायला आला होता. माझ्या थापेपुढे त्याला स्वतःचा बाप खोटा वाटायला लागला होता. एक वाक्य पुरलं असतं — नामदेव, ते मी रचलं. तिथूनच मलकापूरला फोन लावता आला असता. लग्न कदाचित पुन्हा जुळलंही असतं. पण पुढच्या आठवड्यात माझा सत्कार होता, तो व्हिडिओ पाहूनच ठरलेला. मी काउंटरची काच पुसत म्हणालो, "घरातली मोठी माणसं काही गोष्टी सांगत नसतात, नामदेव."

त्यानं मान हलवली. जाताना दारातून म्हणाला, "कप राहू द्या तुमच्यापाशीच. घरात नको आता." सत्कार झाला. त्यातली शाल कपाटात आहे.

यानंतर मी तळमळलो असं म्हणायला हवं. पण खरं सांगू? फारसं काही वाटलंच नाही. जेवत होतो, झोपत होतो, चष्मे विकत होतो. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं काहीतरी झालं, आणि ते उतरलंच नाही. नामदेवच्या मुलाच्या लग्नाला मी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी नव्या सुनेला चहा स्टीलच्या कपात दिला. माझ्यादेखत दिला. मला पोहे आणून दिले, ते मी खाल्ले, आणि छान झालेत असंही म्हणालो.

वंदनाचं लग्न पुन्हा जमलं नाही. पाहुणे येऊन जात, मग कुणीतरी त्यांना तो व्हिडिओ पाठवी. शेवटी तिनंच घरच्यांना बस म्हटलं. आता ती चिखलीतल्या एका शाळेत शिकवते, एसटीनं जाऊन-येऊन असते. रस्त्यात दिसली की मला नमस्कार करते.

परवा ती तिच्या वर्गाची मुलं घेऊन माझ्या खोलीत आली. शाळेनंच ठरवलं होतं, तिला नाही म्हणता आलं नसेल. मुलांनी ग्रामोफोनचा कर्णा हाताळला, रुपये पाहिले. कपापुढे आल्यावर मी गप्प राहिलो. तर तिनंच सांगायला सुरुवात केली. साहेब, घड्याळ, धोतऱ्याच्या बिया — सगळं माझ्याच शब्दांत, काही न गाळता. आणि शेवटी म्हणाली, "तो खानसामा आमच्याच घरचा होता, बरं का. माह्या बाबाचा पणजोबा."

 पुढे उभ्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मंग तुमी काऊन सांगून राह्यल्या?"

"झालं ते झालं," वंदना म्हणाली. "आपल्या मानसानं केलं तं आपनच सांगाव. लपवून काय करतं?"

तिच्या घरात कुणीही न केलेला गुन्हा तिनं त्या मुलांसमोर असा कबूल केला.  मग ती माझ्याकडे वळली. डोळ्यांत राग नव्हता, संशयही नव्हता. पोरं विश्वास ठेवतील की नाही, एवढीच काळजी असावी.

"बरोबर ना, काका?"

मी म्हणालो, "हो. बरोबर."