सरावाची साक्षीदार

अमरावतीच्या कोर्टात आम्ही नवे वकील दाखल झालो तेव्हा आम्हाला कायदा येत होता, बाकी काहीच येत नव्हतं. नागपूरची एलएल.बी., उकाड्यात अंगाला चिकटणारा काळा कोट आणि बाररूममध्ये बसायला खुर्ची नाही, एवढीच आमची इस्टेट. जुने वकील आम्हाला फक्त तारीख मागायला पाठवत. "माझे सीनियर आजारी आहेत," हे वाक्य पहिल्या वर्षी मी इतक्यांदा इंग्रजीत म्हटलं, की तो धडधाकट गृहस्थ खरंच आजारी पडला असता तर कोणाला पटलं नसतं. नव्या वकिलाला शिकवायचं म्हणजे आपल्याच ताटातला वाटेकरी वाढवायचा, असा तिथला एकूण हिशेब होता.

याला अपवाद भगवंतराव. खोलापुरी गेटाजवळ राहत, वकिली बरी चाले आणि शिकवण्याची हौस अनावर. रविवारी दुपारी ते आपल्या ओसरीवर खोटं कोर्ट भरवत. स्वतः झोपाळ्यावर बसून जज्ज होत, आम्ही पाळीपाळीनं वकील, आणि साक्षीदार मात्र कायम एकच, मनकर्णा माळीण.

वडाळीला तिचा मळा होता. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. सकाळी इतवारा बाजारात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर विकायची आणि बाजार आटोपला की रिकामी टोपली घेऊन भगवंतरावांच्या ओसरीवर यायची. एका मारामारीच्या खटल्यात ती साक्षीला आली होती आणि भगवंतरावांनी केलेली उलटतपासणी तिनं भर कोर्टात मातीत घातली होती. दुसरा वकील असता तर त्यानं तिचं तोंड पाहिलं नसतं. भगवंतरावांनी तिला चहा पाजला आणि नव्या वकिलांच्या अंगावर सोडायला ठेवून घेतलं. बदल्यात तिची उरलीसुरली भाजी ते घेत. त्या वांग्यांपायी त्यांच्या बायकोनं त्यांच्याशी अबोला धरला होता, पण वकिलीची सेवा म्हणून तेही त्यांनी सोसलं.

मनकर्णा खोटं बोलायची ते जीव ओतून. आमच्यात देवीदास म्हणून अंजनगाव सुर्जीचा एक हळवा मुलगा होता. त्याला तिनं सगळ्यात जास्त रडवलं. खटला बोकडचोरीचा, आरोपी शेषराव. देवीदासनं विचारलं,

"तेव्हा अंधार होता?"

"व्हता."

"चोराचं तोंड दिसलं नाही?"

"नाही दिसलं."

इथं बसायचं. गाढवालाही कळलं असतं. पण देवीदास विजयी मुद्रेनं म्हणाला, "मग तो चोर शेषरावच होता असं तुम्ही काहून म्हणता?"

"काहून म्हंजे?" मनकर्णानं पदर खोचला. "अरे बावा, शेषराव पाऊल टाकते तं त्याचा उजवा जोडा कुरकुरते. तो जोडा त्यानं माह्या मावसभावाच्या लग्नात चोरला, आमी साऱ्या रात्री धुंडत होतो. आता त्या लग्नात काय झालं, सांगतो तुले..." आणि तिनं ते लग्न सांगितलं. वरात, रुसलेला व्याही, करपलेली बुंदी, सगळं. ते संपेपर्यंत शेषराव फासावर गेला होता. बोकडचोरीला फाशी नाही, हे आठवायचंही भान कोणाला उरलं नव्हतं.

"पुसशील 'काहून'?" भगवंतराव झोपाळ्यावरून गरजले. "पुसशील पुन्हा? साक्षीदाराला 'काहून' विचारणं म्हणजे त्याच्या हाती आपली शेंडी देणं!"

देवीदासच्या डोळ्यांत पाणी आलं. मनकर्णानं त्याच्या हातात दोन पेरू ठेवले. "रडू नको, पोट्ट्या. कोर्टात रडाले अशील असते. तू काय रडतं?"

दोन वर्षं असं चाललं. मग चौतीस साली तिच्यावरच दावा झाला.

दावा केला तिच्या मोठ्या दिरानं, तिच्या बोलीत भासऱ्यानं, सहदेवनं. त्याचं म्हणणं, आम्हा भावांची वाटणी कधी झालीच नाही, मळा एकत्र कुटुंबाचा आहे. कायदा त्या वेळी असा, की वाटणी झालेली असेल तर विधवेला हयातभर नवऱ्याचा वाटा मिळे, आणि झालेली नसेल तर नुसती पोटगी. म्हणजे मनकर्णाला मळा तरी मिळणार होता, नाहीतर दिराच्या दारातली भाकरी. वाटणी चार माणसांसमोर तोंडी झालेली. त्यातले दोघे देवाघरी गेलेले आणि उरलेल्या दोघांना सहदेवशी रोजचं काम पडत असल्यामुळे काही आठवत नव्हतं. राहता राहिली चूल. दोघांच्या चुली वेगळ्या होत्या का, यावर सगळा खटला उभा होता.

मनकर्णाचे वकील अर्थातच भगवंतराव. सहदेवला मात्र वकील मिळेना. तिची उलटतपासणी घ्यायची म्हटलं की भल्याभल्यांना गावाला जायचं असे. शेवटी देवीदासनं वकीलपत्र घेतलं. त्याची ती पहिलीच स्वतःची केस. मला वाटतं, त्याला नाही म्हणायचंही धैर्य झालं नसावं.

तिच्या साक्षीच्या दिवशी आम्ही सगळे तमाशा पाहायला हजर. तिनं सरतपासणीत भगवंतरावांच्या प्रश्नांना चुली वेगळ्या झाल्याचं चोख सांगितलं. मग देवीदास उठला. आवाज सरळ होता.

"तुमच्या नवऱ्याच्या तेरवीचा स्वयंपाक कोणाच्या चुलीवर झाला?"

"भासऱ्याच्या."

"तुमच्या घरी चूल होती?"

"व्हती."

"ती त्या दिवशी पेटली?"

"नाही."

हा खड्डा भगवंतरावांनी मुद्दाम उघडा ठेवला होता. चूल पावसानं ओली झाली होती, असं मनकर्णानं त्यांना सांगितलं होतं. देवीदास 'काहून' म्हणून विचारणार, मग ती त्याला त्या पावसात बुडवणार, असा बेत. ती पदर खोचून तयारच होती. देवीदासनं तोंड उघडलं. ओठांवर आलेला 'का' आम्हाला सगळ्यांना दिसला. त्यानं तो गिळला.

"मला आणखी काही विचारायचं नाही," म्हणाला आणि बसला.

तेवढ्यात कोर्टात कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "शाबास!"

ते भगवंतराव होते. स्वतःच्या अशिलाचा मळा हातचा चालला होता आणि हा माणूस पोरगा पास झाल्यासारखा फुलला होता.

"आपल्याला फेरतपासणी करायची आहे?" सबजज्जांनी विचारलं.

"नाही, नाही. उत्तम झालं," देवीदासकडे कौतुकानं पाहत भगवंतराव म्हणाले.

आपण काय बोललो ते त्यांना कळलं तेव्हा सबजज्जांनी तसं लिहूनही टाकलं होतं. भगवंतराव घाईनं उठले, "साहेब, एकच प्रश्न..." "तुम्ही नाही म्हणालात," सबजज्ज म्हणाले. मला त्या क्षणी आमच्या गुरूची दाढी उपटावीशी वाटली. त्यांना दाढी नव्हती म्हणून ते वाचले.

सबजज्जांनी चष्मा काढला आणि ते मनकर्णाकडे वळले. "बाई, त्या दिवशी तुमची चूल का पेटली नाही?"

ते तिला अडकवायला विचारत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. असा प्रश्न मनकर्णाला आजवर कोणी विचारला नसावा. पावसाची गोष्ट तिच्या ओठांपर्यंत आली असेल, पण ती तिनं सांगितली नाही. तिनं खोचलेला पदर सोडून डोक्यावर ओढला आणि दिराकडे पाठ करून भिंतीशी बोलावं तसं बोलली.

"ह्यायनं मराच्या आदल्या दिवशी सांगतलं होतं. म्हणे, वाटणी झाल्यापासून दादाच्या घरचा घास पोटात गेला नाही. माह्या तेरवीचं तरी त्याच्या चुलीवर शिजव. पण दादाले कळू देऊ नको, तो म्हणंल लहाना वाकला. म्हून म्या भासऱ्याले सांगतलं, चूल वल्ली हाय."

बस, एवढंच. बोकडाच्या खटल्यात अख्खं लग्न सांगणारी बाई एवढ्यात थांबली.

सहदेव उठला आणि जोडे तिथंच टाकून बाहेर गेला. देवीदास त्याच्यामागं धावला. थोड्या वेळानं परत आला, तो अशिलाला दावा मागं घ्यायचा आहे असं सांगायला. पहिली केस अशी हातची गेली आणि तरी त्याचा चेहरा उतरलेला नव्हता.

बाहेर निंबाखाली मनकर्णा बसली होती. आम्ही मूर्खासारखे तिचं अभिनंदन करायला गेलो. ती रडत होती. भगवंतरावांना आपली लाज लपवायची होती, म्हणून ते तिच्यावरच ओरडले.

"मनकर्णा, हे मले आधी सांगतलं असतं तर पहिल्याच दिवशी दावा उडवला असता!"

तिनं मान वर केली. "मरत्या माणसाले शबुद देल्ला होता म्या, वकीलसाहेब. तुमाले कशी सांगू?" मग पदरानं नाक पुसलं. "अन् आज मोडला. कशापायी, तं वांग्याच्या मळ्यापायी."