दिव्याची अट

आमच्या बदलापूरच्या घरात संध्याकाळचा दिवा देवापेक्षा कोर्टासाठी जास्त लागायचा.

आजोबांना दोन मुलगे. थोरले, म्हणजे माझे काका, लवकर गेले. धाकटे माझे वडील. आजोबांनी मृत्युपत्रात घर विधवा काकूला दिलं, पण अट घातली: रोज तिन्हीसांजेला देवापुढे तिने स्वतःच्या हाताने दिवा लावायचा. खंड पडला तर घर धाकट्याचं. घराला कुलूप ठोकून काकू अंबरनाथला लेकीकडे जाऊन राहील आणि देव अंधारात बसतील, ही त्यांना धास्ती. सुनेपेक्षा देवांची काळजी जास्त.

आजोबा गेले त्याच संध्याकाळी काकू समईकडे निघाली. वडिलांनी तिला देवघराच्या दारातच अडवलं. "वहिनी, सुतक आहे. देवांना हात लावू नका."

बोलले ते खोटं नव्हतं, सुतकात आमच्याकडे देवपूजा बंदच असते. पण तेरावा उरकला आणि त्यांनी दावा लावला: अट पहिल्याच दिवशी मोडली, घर माझं. उल्हासनगरच्या एका सिंधी व्यापाऱ्याला गोदामासाठी ते घर हवं होतं आणि वडील त्याला शब्द देऊन बसले होते. इतका थंड डोक्याचा माणूस मी पुढे कधी पाहिला नाही.

ठाण्याच्या कोर्टात खटला चांगला रखडला. काकूचे वकील म्हणाले, ही अट नव्हेच, म्हाताऱ्या माणसाची नुसती इच्छा आहे. न्यायाधीशांनी ते मानलं नाही. खंड पडला तर घर कोणाला जाईल हेही लिहिलंय, तेव्हा ही अटच. पण तिचा अर्थ लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते पाहून लावायचा. असा देवभोळा माणूस सुनेने सुतकात दिवा लावावा असं कधीच म्हणणार नाही. शिवाय ज्याने तिला अडवलं, त्यालाच त्याचा फायदा कसा द्यायचा? सुतकाचे दिवस सोडून अट कायम, घर काकूचं.

काकूने पेढे वाटले. वडिलांनीही एक खाल्ला.

आम्ही समोरच्याच चाळीत राहायचो. दुसऱ्या दिवसापासून वडील तिन्हीसांजेला ओट्यावर येऊन बसू लागले. हातात अडकित्ता, नजर काकूच्या देवघराच्या खिडकीवर. पावसात, थंडीत, अंगात ताप असतानाही. मला त्यांची शिसारी यायची.

काकूची एकुलती एक लेक अंबरनाथ पश्चिमेला, नवऱ्याच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये बाळंत झाली आणि तापाने फणफणली. काकू रोज सकाळी जायची, दिवेलागणीच्या आत परतायची. एके दिवशी मीही बरोबर होते. निघताना बहिणीने तिचा पदर धरला.

"आई, आज राहा ना गं."

"दिवा लावते आणि पहाटेच येते," काकू म्हणाली. तेवढ्या घराशिवाय तिला दुसरा आसरा नव्हता. तिने एकेक बोट सोडवून पदर काढून घेतला.

दिवा वेळेवर लागला. वडिलांनी ओट्यावरून पाहिला आणि जेवायला आत आले.

काकू पहाटे पोचली तेव्हा बहीण गेलेली होती.

लेकीला नेल्यावर मीच काकूला घरी घेऊन आले. तिन्हीसांज झाली. ती उठली, देवघरात गेली, सवयीने काडेपेटी उचलली. मागे दारात वडील उभे होते.

"वहिनी, राहू द्या," ते म्हणाले. "लग्न झालेल्या लेकीचं तीन दिवस सुतक. कोर्टाने तुम्हाला सूट दिलीय."